वृद्धांचा उलटणारा अतिसार आणि मल-प्रत्यारोपण



चोपडा तालुक्यातील सत्तरी ओलांडलेले एक आजोबा माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस दीड महिना झाला होता. दिवसाला दहा-बारा वेळा पातळ मल, मुरडा, बलक्षय. मी ग्रहणी समजून कुटजघनवटी व तक्र योजिले. आठवडा गेला, उतार नाही. मग जुन्या चिठ्ठ्या मागविल्या. तीन निरनिराळी प्रतिजैविके, त्यांतील शेवटचे दुकानातून परस्पर घेतलेले! मलपरीक्षेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे विष आढळले. चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी पाहिल्या असत्या, तर तो आठवडा वाचला असता.

प्रतिजैविकांनी आतड्यातील उपकारक जंतू नष्ट झाले की हा जंतू माजतो. उपचारानंतरही साधारण पाचांतील एका रुग्णास तो पुन्हा गाठतो, वृद्धांस अधिक. अशा वेळी निरोगी व्यक्तीचा तपासलेला मल रुग्णाच्या आतड्यात सोडणे, हे मल-प्रत्यारोपण होय. 1958 साली अमेरिकेत डेन्व्हर येथे बेन आइसमन व सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांनंतरच्या गंभीर आंत्रशोथाच्या 4 रुग्णांवर असा बस्ती योजिला होता. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत पहिल्याच प्रत्यारोपणाने 16 पैकी 13 रुग्ण बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिनने 13 पैकी 4.

'हा तर आपला बस्तीच' असे कोणी म्हणेल. परंतु साम्य मार्गापुरते आहे, द्रव्याचे नाही. 2019 साली अमेरिकेत दात्याच्या मलातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय शिरून एका रुग्णाचा मृत्यू झाला. दात्याची कसून तपासणी जेथे होत नाही, तेथे हा प्रयोग करूच नये. आपल्या पंचकर्म कक्षात तर नाहीच.

पुण्यातील संशोधकांनी 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांची मलपरीक्षा प्रसिद्ध केली. त्यांत वयानुसार दिसलेला जंतुबदल युरोपातील निष्कर्षांच्या उलट होता. नमुने थोडे असले तरी परदेशी आकडे आपल्या रुग्णांना सरसकट लावताना ही नोंद विसरू नये.

औषध विक्रेत्या बंधूंना विनंती, वृद्धाने जुलाबावर लोपेरामाइड मागितले तर 'नुकतीच प्रतिजैविके घेतलीत का?' एवढे अवश्य विचारावे. अशा रुग्णास जळगाव वा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठवावे. घरच्यांना साबण-पाण्याने हात धुण्यास सांगावे, कारण या जंतूचे बीजाणू अल्कोहोलयुक्त द्रवाने मरत नाहीत.

आजोबांना तोंडावाटे व्हँकोमायसिन दिल्यावर उतार पडला. व्याधी एकदा उलटली, पुन्हा औषध द्यावे लागले. प्रत्यारोपणाची वेळ मात्र आली नाही. आता ते कळण्याची भाकरी खातात आणि ताकाबद्दल तक्रार करतात.