फिरायचं कागदांनी, तिने नाही

मारहाण झालेली बाई माझ्यासमोर बसते तेव्हा तीच हकिगत तिने आधी तीन-चार ठिकाणी सांगितलेली असते. दवाखाना, पोलीस ठाणं, वकील; दर वेळी पुन्हा पहिल्यापासून. या फेऱ्यांना कंटाळून कितीतरी जणी सासरी परततात. मी जळगाव-धुळे भागात समुपदेशक आहे. माझं म्हणणं एवढंच, की फिरायचं ते कागदांनी आणि आम्ही, तिने नाही.

सुरुवात बहुतेकदा दवाखान्यात होते. पदराखाली हात झाकून बाई सांगते, "पडनू सिस्टर." शेजारी सासू उभी. जाणती सिस्टर सासूला औषधं आणायला धाडते, पडदा ओढते आणि मग विचारते. पडलेल्या माणसाचे तळहात खरचटतात. मार चुकवायला हात आडवा धरला, तर वळ मनगटापासून कोपरापर्यंत उठतात. ते वळ आणि 'नवऱ्याने काठीने मारलं' हे तिचे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे उतरले, तर पुढे कोर्टात त्या कागदाला वजन येतं. नुसतं 'पडल्याने इजा' लिहिलं, तर वकिलाच्या हाती काय उरतं?

दवाखाना, पोलीस, वकील यांनी अशा बाईसाठी मिळून काम करणं महाराष्ट्राला नवं नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साथीने समाजकार्यकर्त्यांना थेट पोलिसांच्या कार्यालयात बसवलं. पुढे असे विशेष कक्ष राज्यभर झाले. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने हिंसा सोसणाऱ्या बायांसाठी 'दिलासा' केंद्र काढलं.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने प्रत्येकाचं काम ठरवून दिलं आहे. या कायद्याखाली नेमलेला संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो. कोर्ट संरक्षणाचा, राहत्या घराचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतं; घटस्फोट मागावा लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन, कायद्याची मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच छपराखाली मिळावा, अशी योजना २०१५ पासून आहे.

तरी आमच्याकडे घोडं अडतं ते हद्दीवर. सासर चोपड्याचं, म्हणजे जळगाव जिल्हा. माहेर शिरपूरचं, म्हणजे धुळे. लेकराला घेऊन माहेरी आलेल्या बाईला "चोपड्याला जा" असं सांगणारे अजून भेटतात. ज्या रस्त्याने ती जीव मुठीत धरून आली, त्याच रस्त्याने तिला परत पाठवायचं? कायदा तसं म्हणत नाही. ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही तिला अर्ज करता येतो. अशा वेळी मी तिथूनच संरक्षण अधिकाऱ्याला फोन लावते, केसपेपरची प्रत जोडते आणि तारखेला बाईसोबत कोण जाणार ते ठरवते.

प्रत्येक तालुक्यात डॉक्टर, पोलीस, संरक्षण अधिकारी, वकील आणि समुपदेशक महिन्यातून एकदा एकत्र बसले पाहिजेत. कुणाचा अर्ज कुठे अडला, आदेश असूनही कुणाला घरात घेतलं नाही, हे तिथे समोरासमोर विचारता येईल. आणि शेजाऱ्यांनो, या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला खबर कुणीही देऊ शकतं. चांगल्या हेतूने दिली, तर तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडे मारहाण ऐकू आली तर ११२ लावा. सल्ला हवा असेल तर १८१. बाईने स्वतः बाहेर पडायची वाट बघू नका.