साखळी-करवत सुरू कां होत नाहीं?

ता. १७ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलें, त्या वेळीं उपनगरांत ठिकठिकाणीं झाडें उन्मळून पडलीं. गोराई-मनोरीकडील वाड्यांत असा एखादा माड वाटेवर आडवा झाला, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीची, अर्थात् चेनसॉची, आठवण होते. आणि नेमकी त्याच वेळीं ती सुरू होत नाहीं. यंत्र बहुधा बिघडलेलें नसतें. टाकींतलें पेट्रोल शिळें झालेलें असतें.

२०२३ सालापासून आपल्याकडे शेंकडा २० इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. हें इथेनॉल आपल्याच उंसापासून व धान्यापासून होतें, ही समाधानाची गोष्ट खरी; पण तें हवेंतील ओल शोषून घेतें, आणि मुंबईच्या पावसाळ्यांत ओलीस काय तोटा? पाणी पुरेसें सांठलें म्हणजे तें इथेनॉलसह वेगळें होऊन तळाशीं बसतें, व करवतीची नळी तळाचेंच ओढून घेते. यास्तव प्रथम टाकींतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत ओतून पाहावें. दोन थर दिसले अथवा वार्निशासारखा वास आला, तर तें पुन्हां वापरूं नये, व विहिरीच्या आसपास ओतूंही नये.

ताजें मिश्रण भरूनही यंत्र दाद देत नसेल, तर दोरी सातआठ वेळां ओढून प्लग काढून पाहावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोंचत नाहीं. टाकींतल्या नळीच्या टोकाची गाळणी वांकड्या तारेनें बाहेर काढावी, मळली असल्यास बदलावी. नळीस चीर आहे काय, तेंही पाहावें. प्लग ओला असल्यास पेट्रोल फाजील झालें आहे. चोक पूर्वस्थितीस आणून, प्लगची तार दूर ठेवून दोरी कांहीं वेळां ओढावी आणि प्लग पुसून बसवावा. करवत चार मिनिटें चालून बंद पडत असेल, व निवाल्यावर झाकण सैल करतांच पुन्हां चालत असेल, तर टाकीची हवा येण्याची वाट बुजली आहे असें समजावें. चोकशिवाय चालतच नसेल, तर कार्बुरेटरांतील रबरी पडदा ताठला असण्याचा संभव आहे. तें काम मिस्त्रीचें. स्क्रू उगीच पिळूं नयेत.

तेलाच्या बाबतींत मात्र हयगय नको. ५० ला १ हें प्रमाण असल्यास १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल लागतें. पुस्तिकेंत दुसरें प्रमाण दिलें असेल तर तेंच पाळावें. तेल विसरल्यास पिस्टन थोड्याच वेळांत खरवडून निघतो. मिश्रण महिन्यापुरतेंच करावें, आणि करवत ठेवून देतांना टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे कार्बुरेटरांत पेट्रोल सांचून राहत नाहीं.