कब्बन रोडवरून खडकवासल्याकडे

भूगोलाने केलेली एक थट्टा पुण्याकडच्या मराठी घरांना चांगली परिचयाची आहे. सिंहगड चढताना ज्या मुलाला खडकवासल्याचे पाणी आणि त्यापलीकडचे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विस्तीर्ण आवार लहानपणापासून दिसत आले, त्याच मुलाला त्या आवाराच्या फाटकातून कॅडेट म्हणून आत शिरण्याची सनद मिळवायची, तर पुष्कळदा उद्यान एक्सप्रेसने नऊशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून बंगळूरला, कब्बन रोडवरील सैन्य निवड केंद्रापुढे हजर व्हावे लागते. लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यांत गणिताचे ३०० व सामान्य क्षमतेचे ६००. आणि निवड मंडळापुढील पाच दिवसांनाही तितकेच, म्हणजे ९०० गुण! पहिल्या अर्ध्या गुणांसाठी मराठी कुटुंब दोन-दोन वर्षे शिकवण्या लावते, उरलेल्या अर्ध्यासाठी दोन आठवड्यांचा वर्ग पुरेसा समजते, आणि त्यानंतर जे खरोखर सुरू होते त्यासाठी काहीच तजवीज करीत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

या मंडळांची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील. घराणे आणि शिफारस पाहून अधिकारी निवडण्याची जुनी रीत युद्धाच्या वाढत्या गरजेपुढे अपुरी पडू लागली, तेव्हा इंग्रजांनी मानसशास्त्रज्ञांना लष्करी निवडीत स्थान दिले, आणि तीच पद्धत येथेही रुजली. कब्बन रोडवर पहिल्या दिवशी उमेदवाराच्या छातीवर क्रमांक चढतो, आणि तेथून पुढे त्याचे नाव मागे पडते. पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसते. चित्रातली बाई रडते आहे की वाकून काही शोधते आहे हे कळण्याइतकेही ते स्पष्ट नसते. चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून, एकमेकांचा आवाज दाबणाऱ्या मुलांमध्ये, सर्वांची मिळून एक गोष्ट ठरवायची. पुष्कळांचा प्रवास त्याच दिवशी संपतो. उरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी साठ शब्द, प्रत्येकास पंधरा सेकंद. साठ प्रसंग, सर्वांना मिळून अर्धा तास. वर्गांतून पाठ केलेली उत्तरे या वेगात टिकत नाहीत, आणि टिकली तर साठांत साठ वेळा शूर वागणारा मुलगा पाहून मानसशास्त्रज्ञाला जे समजायचे ते समजते. अखेरच्या दिवशी निवडलेल्यांचे क्रमांक वाचले जातात. ज्यांचे क्रमांक आले नाहीत ते त्याच दुपारी बॅगा उचलून स्टेशनाची वाट धरतात. चर्चिलला सँडहर्स्टची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होण्यास तीन वेळा बसावे लागले होते, आणि पुढे १८९६ मध्ये तो याच बंगळुरात पलटणीबरोबर येऊन दुपारच्या उन्हात इतिहासाचे ग्रंथ वाचीत पडला, ही हकीकत परतणाऱ्या मुलांना कोणी सांगत असेल तर चांगलेच आहे.

बंगळूर आणि मराठी मुलाचे क्षात्रशिक्षण हा विषय निघाला की शहाजीराजांच्या जहागिरीकडे वळण्याचा मोह आवरत नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने केंपेगौडाकडून हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजांच्या हाती आले. पोरवयातील शिवाजीराजे काही काळ तेथे होते, आणि पुण्याकडे पाठवताना वडिलांनी त्यांच्याबरोबर पेशवा, मुजुमदार, डबीर, सबनीस असा सारा सरंजाम दिला, असे जुनी साधने सांगतात. आजचा मुलगा त्याच दिशेने, बंगळुराहून पुण्याकडे, निघतो तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक असते, आणि पोहोचल्यावर त्या आवारात त्याच्याहून कनिष्ठ असा एकही मनुष्य नसतो.

हे कनिष्ठपण आधीच भोगलेली काही मुले मात्र बंगळुरातूनच येतात. हॉसूर रोडवरील राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १ ऑगस्ट १९४६ रोजी, किंग जॉर्जच्या नावाने, जवानांच्या मुलांसाठी सुरू झाले. बेळगावचे तसेच विद्यालय त्याच्या आधी काही महिने, १९४५ च्या डिसेंबरात. १९५२ मध्ये त्यांची पब्लिक स्कूलच्या धर्तीवर पुनर्रचना होऊन अधिकाऱ्यांच्या आणि नागरिकांच्या मुलांनाही दारे उघडली, आणि २००७ मध्ये आजचे नाव मिळाले. सहावीत येथे आलेला मुलगा अकराव्या वर्षी घरच्या आठवणीने रडून घेतो. सतराव्या वर्षी त्याला तसे रडण्याचे कारण उरत नाही. साताऱ्याचे सैनिक स्कूल, १९६१ चे, आणि राज्य सरकारने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेली सेवापूर्व शिक्षण संस्था यांचा खरा उपयोगही मला गणितापेक्षा याच गोष्टीत दिसतो. वसतिगृहाचे तोंड न पाहिलेला, आईने इस्त्री केलेले कपडे घालून बारावी झालेला हुशार मुलगा गुणवत्ता यादीत वर असतो आणि पहिल्या सत्रात सर्वांत मागे पडतो.

कारण निवड मंडळ विचारते की तू एकटा कोण आहेस, आणि प्रबोधिनीचे पहिले सत्र त्या एकटेपणातला एकेक तास काढून घेते. १६ जानेवारी १९५५ पासून खडकवासल्यास नांदत असलेल्या या संस्थेत आज अठरा स्क्वाड्रन आहेत, सहा सत्रांचे शिक्षण आहे, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी आहे, आणि २०२२ पासून मुलीही आहेत. त्यांतील पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये संचलन करून बाहेर पडल्या. पण नवागताला यातले काही दिसत नाही. त्याला दिसतात ती मिनिटे. जुने कॅडेट ‘पुट्टी परेड’ची आठवण सांगतात: व्यायामाच्या पोशाखात हजर व्हा; झालात? आता कवायतीच्या गणवेशात; झालात? आता पुन्हा पहिल्या. प्रत्येक फेरीला वेळ थोडा, बुटाची नाडी नीट, आणि एकाने उशीर केला तर सगळ्यांचा ‘रगडा’. शिवाय कवायतीची परीक्षा, म्हणजे ड्रिल स्क्वेअर टेस्ट, उत्तीर्ण झाल्याखेरीज बाहेर जाण्याची मुभा नाही. म्हणून ज्याचे घर कोथरुडात आहे तो, आणि ज्याचे मणिपुरात आहे तोही, त्या काळात घरापासून सारखाच दूर असतो.

मग घरी तयारी करायची ती कसली? पोहणे, कारण पाण्याची भीती तेथे लपवता येत नाही. बूट चकचकीत करणे आणि अंथरुणाची घडी घालणे. रात्री दहाला झोपणे. हिंदीतला हुकूम ऐकताक्षणी समजणे. दूरध्वनी दूर ठेवून आठवडा काढणे. आणि धावणे, पण हळूहळू वाढवीत नेलेले. निकाल लागल्यावर आनंदाच्या भरात महिनाभर दांडगी दौड करणारा किंवा मुळीच न धावता एकदम रुजू होणारा, असे दोन्ही मुलगे कठीण जमिनीवर बूट आपटू लागले की नडगीच्या हाडाला सूक्ष्म तडा जाण्याचा धोका पत्करतात. तडा गेला की विश्रांती. विश्रांतीत कवायत आणि शारीरिक परीक्षा बुडतात. त्या बुडाल्या की सत्र मागे पडण्याची पाळी येते, ज्याला तेथे ‘रेलिगेशन’ म्हणतात.

याहून मोठ्या दुखापतीचा विचार घरात कोणी करीत नाही. प्रवेशाच्या वेळी पालकाने ज्या कागदांवर सही करायची असते, त्यांत प्रशिक्षणामुळे होणाऱ्या इजेबद्दल सरकारकडे भरपाई मागणार नाही असा मजकूर असतो, आणि मुलगा स्वेच्छेने सोडून गेला तर खर्च परत करण्याचा करारही असतो. कॅडेट हा अधिकारी नव्हे. प्रशिक्षणात अपंगत्व येऊन बाहेर पडलेल्याला माजी सैनिकाचा दर्जा व निवृत्तिवेतन नाही, सानुग्रह रक्कम तेवढी मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न स्वतः होऊन हाती घेतला, आणि त्याच महिन्यात अशा माजी कॅडेटांना माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचा लाभ देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. तो कागद बहुतेक वडील रुजू होण्याच्या धांदलीत, पेन शोधीत, न वाचता सही करून देतात. मुलगा बंगळूरची गाडी पकडण्यापूर्वीच त्याच्यासमोर बसून तो एकदा मोठ्याने वाचावा.