प्रशिक्षकाला नेमकं काय विचारायचं?

आजचा विषय घरातूनच आला. माझ्या धाकट्या भावाची नात इथं बेंगळुरूत बारावीत आहे. सातव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करते. परवा म्हणाली, "आजोबा, कॉलेजात गेल्यावर मला स्पर्धेत उतरता येईल का? सरांना विचारायचंय, पण ते नाही म्हणाले तर? तुम्हीच विचारा ना."

मी म्हटलं, "सोबत येतो. विचारायचं मात्र तूच."

तिची भीती खोटी नव्हती. दहा वर्षांची मेहनत एका उत्तरावर टांगलेली. घरात सूर असा, की बारावीचं वर्ष आहे, आता खेळ पुरे.

फौजेत एक शिस्त असते, मोहिमेआधी नकाशा पाहायचा. म्हणून आधी वाट कशी आहे ते पाहू. आपल्याकडे कॉलेजचे खेळाडू आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. म्हणजे संघ कॉलेजचा नव्हे, विद्यापीठाचा. त्यामुळे पहिला प्रश्न विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला: तुम्ही जिम्नॅस्टिक्सचा संघ पाठवता का? वयाची अट काय? सरावाला साधनं कुठं आहेत? हे प्रवेशाआधी विचारायचं. प्रवेश घेतल्यावर संघच नाही असं कळलं, तर हात चोळत बसावं लागतं.

आता प्रशिक्षकाकडे वळू. "आमच्या मुलीला चान्स आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. सर बिचारे "मेहनत केली तर होईल" म्हणतात आणि आपण खूश होऊन घरी येतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा.

पहिला: आज स्पर्धा झाली, तर हिला किती गुण मिळतील? मुलींना व्हॉल्ट, अनइव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर अशी चार साधनं असतात. २००६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीत गुणांचे दोन भाग आहेत. एक कसरत किती अवघड याचा, दुसरा ती किती सफाईनं केली याचा. सफाईचा हिशेब १० पासून सुरू होतो. चूक पाहून ०.१, ०.३, ०.५ कापतात, पडलात तर पूर्ण १ गुण जातो. त्यामुळे सरांना अंदाजानं का होईना, आकडा सांगता येतो. जाताना प्रत्येक साधनावर न पडता काय जमतं याची यादी आणि मोबाइलवरचे व्हिडिओ न्या.

दुसरा: काय कमी आहे, आणि ते भरून काढायला किती महिने लागतील?

तिसरा: शरीर साथ देईल का? जुनी दुखापत लपवू नका. दीपा कर्माकरचे तळपाय लहानपणी सपाट होते. या खेळात ती मोठी अडचण. ती वेळीच ओळखून त्यावर काम झालं, म्हणून २०१६ साली रिओत ती व्हॉल्टमध्ये चौथी आली. कांस्यपदक फक्त ०.१५० गुणांनी हुकलं. उणीव कळणं म्हणजे दार बंद होणं नव्हे.

काही पालकांच्या मनात अमेरिका असते. मोहिनी भारद्वाज यूसीएलए विद्यापीठाकडून खेळली आणि २००४ साली अथेन्समध्ये अमेरिकेच्या संघातून रौप्यपदक विजेती ठरली. पण तिथले प्रशिक्षक मुलं शाळेत असतानाच हेरतात. बारावीत चौकशी सुरू करणं म्हणजे बरात निघाल्यावर घोडा शोधणं.

आमच्या सरांनी दहा मिनिटं व्हिडिओ पाहिले. म्हणाले, "चारही साधनांवर आज नाही. बीम आणि फ्लोअरवर विद्यापीठ संघात येऊ शकशील. आधी उजवा घोटा डॉक्टरांना दाखव." शिवाय एक वाट सुचवली. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा बेंगळुरूतच झाल्या आणि त्यांत मल्लखांब होता. पेशवाईत बाळंभट दादा देवधरांनी रुजवलेला आपला खेळ आता विद्यापीठांच्या मैदानातही आहे. जिम्नॅस्टिक्सनं कमावलेलं अंग तिथंही कामी येतं.

पोरगी बाहेर आली. रडली नाही. वहीत तीन ओळी लिहिल्या: घोटा, बीम, विद्यापीठांची यादी. मग म्हणाली, "आजोबा, सर नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. निदान कळलं तरी असतं."

मंडळी, तुमच्याही घरात असा प्रश्न अडकला असेल, तर मुलाला स्वतः विचारू द्या. आपण फक्त सोबत जायचं. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.