बूड झिजलेल्या काहिलीत भाजी



शिवार उसाने भरलं, पण मेथीची जुडी मात्र आठवडी बाजारातून येते! भाजीला जागाच उरली नाही, ही अडचण खरी. तरी गुऱ्हाळाची बूड झिजलेली काहील, गळका टब भंगारात घालण्याआधी जरा थांबा.

बुडाला वीतभर अंतरावर अर्ध्या इंचाची भोकं पाडा. भांडं विटांवर ठेवा, म्हणजे पाण्याचा निचरा होईल व पत्रा लवकर गंजणार नाही. भरलेली काहील हलत नाही. तेव्हा सकाळचं ऊन मिळेल अशी जागा आधीच ठरवावी. नुसती काळी माती भरू नका, ती आवळून येते. दोन पाट्या मातीला एक पाटी शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. कारखान्याचं प्रेसमड घालायचं तर पूर्ण कुजलेलंच. ताजं तापतं आणि मुळं पोळतात. मेथी-कोथिंबिरीला आठ इंच माती पुरते, वांगी-मिरचीला फूटभर तरी हवी. उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूने ओलं गोणपाट बांधावं.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधा. फवारणीच्या औषधाचा डबा वा पिंप कितीही धुतलं तरी यासाठी वापरू नये. असे रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी सांगितलं, ते उगाच नव्हे. त्या मातीतली भाजी आपल्याच पोरांच्या ताटात पडणार आहे.