खरेदीच्या तारखांची वही

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी एक किरकोळ वाटणारे काम निघाले. वडिलांचे डीमॅट खाते ज्या दलालाकडे बावीस वर्षे होते, त्याने व्यवसाय आवरता घेतला आणि सर्व शेअर नव्या दलालाकडील खात्यात नेणे भाग पडले. नाव तेच, पॅन तोच. विक्री नाही म्हणून कर नाही. जुने खाते बंद करून त्याच नावाच्या खात्यात शेअर नेले, तर हस्तांतरणाचे शुल्कही द्यावे लागत नाही. यथावकाश शेअर नव्या खात्यात आले, संख्याही तंतोतंत जुळली. परंतु खरेदी किमतीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य होते.

व्यापारी घरात हे समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेला, खरेदीची बिले मात्र मागेच राहिली. डिपॉझिटरी, म्हणजे एनएसडीएल वा सीडीएसएल, ही गोदामासारखी संस्था. कोणत्या कंपनीचे किती नग कोणाच्या नावावर आहेत, एवढेच ती जाणते. कधी आणि काय भावाने घेतले, ही नोंद दलालाच्या खतावणीत असते आणि त्याचे दार बंद झाले की ती मिळवणे दुष्कर होते. दरमहा येणाऱ्या एकत्रित विवरणपत्रातही शेअर किती आले-गेले हे कळते, खरेदीचा भाव कळत नाही. म्हणून जुने खाते चालू असतानाच सर्व वर्षांचे सौद्यांचे उतारे मागून घ्यावेत. आम्हांस ही सुबुद्धी उशिरा झाली.

नवा दलाल खरेदीचा तपशील एक्सेलच्या फाइलमधून स्वीकारत होता. फाइल करण्याचे काम माझ्याकडे आले आणि माहिती मात्र वडिलांच्या लोखंडी पेटीत होती. एक्क्याऐंशी वर्षांचे वडील तारखा सनावळीने सांगत नाहीत. ‘थोरलीच्या लग्नाच्या वर्षी’, ‘हळदीचा भाव पडला त्या हंगामात’ असे सांगतात. त्यांची दृष्टी आता मंद झाली आहे. ही माहिती आज उतरवली नाही तर पुढे कोणाला विचारणार, ही चिंता मला त्या शून्यांपेक्षा अधिक वाटली.

ओळख पटवण्यासाठी कंपनीच्या नावावर विसंबू नये. नावे बदलतात, विलीनीकरणे होतात. आयएसआयएन हा बारा अक्षरांचा क्रमांक लिहावा. रिलायन्सचा आयएनई००२ए०१०१८ असा आहे. दर्शनी मूल्याचे विभाजन झाले की हाही बदलतो, हे ध्यानात असू द्यावे. त्यापुढे संख्या, खरेदीची तारीख, भाव आणि दलाली. प्रत्येक खरेदीला स्वतंत्र ओळ द्यावी. सरासरी काढून एकाच ओळीत गुंडाळू नये. डीमॅट खात्यातून विक्री करताना आधी आलेला शेअर आधी गेला असे धरतात आणि हा हिशेब प्रत्येक खात्यापुरता वेगळा असतो. सरासरीची ओळ तेथे कामास येत नाही.

बोनसच्या ओळींनी मला सर्वाधिक दमवले. रिलायन्सने २०१७ मध्ये आणि २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. दोन्हींची खरेदी किंमत शून्यच, तरीही करात दोन्ही सारखे नाहीत. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत हाती असलेल्या शेअरला त्या दिवसाच्या सर्वोच्च भावाचा आधार मिळतो. समजा, एखादा शेअर पन्नास रुपयांना घेतला, त्या दिवशी त्याचा भाव नऊशे होता आणि आज तो पंधराशेला विकला, तर नफा सहाशेच धरला जातो. ती तारीख फाइलमध्ये नसेल, तर हिशेब पंधराशेंवर होऊ शकतो. दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे साडेबारा टक्के कर आहे. रकाना रिकामा राहण्याची किंमत त्यावरून काढावी. २०२३ मध्ये जिओ फायनान्शियल वेगळी झाली, तेव्हा मूळ खरेदी किमतीचे ९५.३२ टक्के रिलायन्सकडे आणि ४.६८ टक्के नव्या शेअरकडे गेले. ती विभागणीही हातानेच लिहावी लागली.

आता माझी एक चूक सांगतो. हस्तांतरणाच्या चिठ्ठीसाठी नव्या खात्याचा क्रमांक मी एक्सेलमधून उतरवला आणि चिठ्ठी परत आली. सीडीएसएलचा खाते क्रमांक सोळा अंकी असतो, तर एक्सेल आकडा म्हणून पंधराच अंक जपते. सोळाव्या जागी मुकाट्याने शून्य ठेवते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून मगच क्रमांक लिहावा. तारखांचेही तसेच. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५ एप्रिलचा ४ मे होतो आणि तक्रार कोणीच करत नाही. बारा महिन्यांच्या सीमेवरील शेअरला हा एक महिना महाग पडतो, कारण अल्पकालीन नफ्यावर वीस टक्के कर आहे. तारण ठेवलेले शेअर सोडवून घेतल्याशिवाय हलत नाहीत, तेही आधी पाहावे.

शेवटी साठ शेअरांची एक ओळ उरली. बिल नाही, उतारा नाही, बँकेचे पासबुकही त्या वर्षाचे सापडेना. वडिलांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले आणि दुकानाचा रोजमेळ काढायला सांगितला. फाल्गुनातल्या एका पानावर, गुळाच्या दोन नोंदींच्या मध्ये, त्यांच्याच अक्षरात धनादेशाची रक्कम आणि दलालाचे नाव होते. मी ओळ पूर्ण केली. त्यांनी ती मोठ्याने वाचून घेतली, मग फाइलची छापील प्रत मागितली. अक्षर मोठे हवे, असे बजावून. ती आता त्या रोजमेळाच्या शेजारी तिजोरीत आहे.