ब्रुकलँड्सचे बिल्ले

जुन्या वस्तूंचा संग्रह हा केवळ कालक्षेप नव्हे. त्यापासून बोधही घेता येतो, असे आम्हांस वाटते. इंग्लंडात सरे परगण्यातील ब्रुकलँड्स येथे १९०७ पासून १९३९ पर्यंत काँक्रीटच्या मार्गावर मोटारींच्या शर्यती होत असत. तेथील क्लबाचे सभासद वर्गणी भरून मिन्याचा बिल्ला मिळवीत. तोच त्यांचा पास. परंतु शर्यतीत ताशी १२० मैलांहून अधिक वेगाने फेरी पुरी करणाऱ्या चालकासच क्लब एक निराळा बिल्ला देई. आज संग्राहक दोन्ही बिल्ले मोल देऊन घेतात. त्यांच्या नकलाही निघाल्या आहेत. म्हणूनच जाणता संग्राहक बिल्ला कोणाचा होता, हे प्रथम विचारतो. बिल्ला विकत मिळतो. ती फेरी मात्र ज्याची त्यानेच मारावी लागते.